कुंडीतली माती कधी हलवायची, किती हलवायची

जुलैत चार दिवस झड लागली होती. पाचव्या दिवशी लख्ख ऊन पडलं आणि दुपारपर्यंत गच्चीवरच्या जास्वंदीने मान टाकली. कुंडीत बोट घातलं तर चिखल लागत होता, तरी पानं मे महिन्यात लोंबतात तशी लोंबलेली. झाड सुकलंय म्हणजे त्याला पाणी हवंय असं समजून मी वरून आणखी तांब्याभर पाणी घातलं. आठवड्यात खालची पानं पिवळी होऊन गळाली आणि पंधरवड्यात झाड गेलं.

कुंडी उपडी केली तेव्हा मातीचा गोळा कुंडीच्याच आकारात, जसाच्या तसा बाहेर आला. खुरप्याने तो मधोमध चिरला. आत माती काळी नव्हती, निळसर करडी झाली होती, आणि तिला तुंबलेल्या नालीसारखा वास येत होता. मुळ्या तपकिरी. एक मुळी चिमटीत धरून ओढली तर वरची साल मोज्यासारखी सुटून हातात आली आणि आत नुसता दोरा उरला.

ही माती मी मोठ्या हौसेने काटोलकडून, मामांच्या शेतातून आणली होती. त्या शेतात संत्र्याची झाडं आहेत, शेजारी कपाशी आणि तूर असते. त्याच मातीत तिकडे तुरीचं मूळ पुरुषभर खोल जातं आणि इकडे माझ्या कुंडीत जास्वंद बुडून मरते, हे मला कळेना. पुढची दोन-तीन वर्षं मी हे समजून घेण्यात घालवली. नागपुरात गच्चीवर किंवा अंगणात कुंड्या लावणाऱ्या बहुतेकांचा हाच प्रश्न असतो, म्हणून जे कळलं ते सविस्तर सांगते.

मुळांना हवा कशाला लागते

पानं उन्हात साखर तयार करतात. त्यातली बरीच साखर खाली मुळांकडे जाते, आणि मुळं ती ऑक्सिजनच्या मदतीने जाळून शक्ती मिळवतात. आपण श्वास घेतो तसाच मुळांचाही श्वास चालू असतो, रात्रंदिवस. ही शक्ती वाढायला लागते, मातीतली अन्नद्रव्यं आत ओढायला लागते, आणि मुळांमधली पाणी आत घेणारी सूक्ष्म दारं उघडी ठेवायलाही लागते. ऑक्सिजन संपला की ही दारं मिटतात. म्हणजे मुळं पाण्यात उभी असतात आणि तरी त्यांना पाणी पिता येत नाही.

जास्वंदीने पाचव्या दिवशीच मान का टाकली, त्याचं उत्तर इथे आहे. झडीच्या चार दिवसांत हवा दमट होती, ऊन नव्हतं, त्यामुळे पानांतून पाणी फारसं उडतच नव्हतं. मुळं गुदमरत होती, पण वर काही दिसत नव्हतं. ऊन पडलं, पानांना एकदम पाणी लागलं, आणि खालून पुरवठा झाला नाही. मी घातलेल्या तांब्याभर पाण्याने उरलीसुरली हवाही बाहेर काढली.

मातीत हवा राहते ती कणांमधल्या पोकळ्यांत. चांगल्या मातीचा एक डबा घेतला तर त्यात निम्मी जागा घन पदार्थाची असते आणि निम्मी पोकळी. त्या पोकळीत साधारण अर्धं पाणी आणि अर्धी हवा असली की मूळ सुखात असतं. मोठ्या पोकळ्यांतून पाणी निथळून जातं आणि मागे हवा येते. बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात. झाडाला दोन्ही लागतात. माती घट्ट झाली की आधी मोठ्या पोकळ्या जातात. उरतात त्या बारीक, आणि त्या पाण्याने भरलेल्याच राहतात. पाण्यातून ऑक्सिजन पसरण्याचा वेग हवेतल्यापेक्षा सुमारे १०,००० पट कमी असतो. त्यामुळे पोकळी पाण्याने भरली म्हणजे मुळाच्या दृष्टीने खिडकी बंदच झाली.

त्यात आपल्याकडची उष्णता. माती जितकी गरम, तितका मुळांचा आणि मातीतल्या जिवाणूंचा श्वास जोरात, आणि पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन तितका कमी. पावसाळी उकाड्यात तुंबलेल्या कुंडीतला ऑक्सिजन एक-दोन दिवसांत संपतो. मग ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात. ते मातीतल्या लोहाचं रूप बदलतात, म्हणून माती निळसर करडी दिसते. काही जिवाणू गंधकाचा दुर्गंधी वायू सोडतात, तोच तो नालीचा वास. उलट, पहिल्या पावसानंतर येणारा मातीचा सुवास ज्या द्रव्याचा असतो, ते जिओस्मिन, ऑक्सिजनवर जगणारे जिवाणू तयार करतात. कुंडीतली मूठभर माती नाकाशी धरून पाहा. कुठलंही यंत्र न लावता आतली अवस्था कळते.

काळी माती शेतात चालते, कुंडीत का नाही

नागपूर दख्खनच्या लाव्हाच्या पूर्वेकडच्या काठावर वसलेलं आहे. सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स हा त्याच बसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा भाग. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा पसरला. तो खडक झिजून जी माती झाली ती आपली कपाशीची काळी जमीन. पूर्वेला भंडाऱ्याकडे सरकलं की खडक बदलतो, माती बदलते आणि धानाचा मुलूख सुरू होतो. देशभरातल्या मातीची पाहणी आणि नकाशे करणाऱ्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोचं मुख्यालय आपल्याच शहरात, अमरावती रोडवर आहे, हे कित्येक नागपूरकरांना ठाऊक नसतं.

काळ्या मातीचा मुख्य घटक आहे चिकणमाती, आणि तिचे कण कल्पनेपलीकडे बारीक असतात. रेतीचा सर्वांत जाड दाणा २ मिलिमीटरचा, तर चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरहून लहान. रेतीचा दाणा दाराएवढा, २ मीटर उंच धोंडा आहे असं धरलं, तर चिकणमातीचा कण त्याच्यापुढे मोहरी एवढा होईल. शिवाय हे कण गोल नसतात, चपटे असतात, पापडांच्या चळतीसारखे एकावर एक रचलेले. आपल्या मातीत माँटमोरिलोनाइट या जातीच्या खनिजाच्या चळती भरपूर आहेत. यात पाणी दोन पापडांच्या मध्ये शिरतं, चळत फुगते. वाळली की आकसते. शुद्ध माँटमोरिलोनाइटचा एक ग्रॅम घेऊन सगळे पापड सुटे पसरले तर ७०० चौरस मीटरच्या आसपास पृष्ठभाग भरतो. नागपुरी हिशोबाने सांगायचं तर १५०० चौरस फुटांचे जवळपास पाच प्लॉट. एवढ्या पृष्ठभागावर पाणी आणि अन्नद्रव्यं चिकटून राहतात, म्हणून तर ही जमीन इतकी कसदार.

शेतात या फुगण्या-आकसण्याचा फायदा होतो. उन्हाळ्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची भुरभुरीत माती, पालापाचोळा, शेणाचे कण त्या भेगांत पडतात. मृगाचा पाऊस झाला की जमीन फुगते, भेगा मिटतात, खालची माती दाबाने वर सरकते. वर्षानुवर्षं ही उलथापालथ चालू असते. जगभरातले मृदाशास्त्रज्ञ अशा जमिनीला व्हर्टिसोल म्हणतात, आणि त्या नावाचं मूळ ‘उलटणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. आपली काळी जमीन स्वतःच स्वतःला नांगरते. मला हे कळलं त्या दिवशी मामांच्या शेतातल्या भेगांकडे मी वेगळ्याच डोळ्यांनी पाहिलं.

कुंडीत हे होऊ शकत नाही. फूटभर खोलीच्या कुंडीत भेगांचं जाळं पडायला जागाच नसते. माती आकसते ती एकसंध गोळ्यासारखी, आणि कुंडीच्या भिंतीपासून सुटते. कडेला बोटभर फट दिसते ना, ती हीच. एप्रिल-मेमध्ये आपण पाणी घालतो, ते या फटीतून थेट खाली उतरतं आणि दोन मिनिटांत तळाच्या भोकातून बाहेर येतं. आपल्याला वाटतं, कुंडी भिजली. आतला गोळा मात्र कोरडाच राहतो. पावसाळ्यात हाच गोळा फुगून घट्ट बसतो आणि हवा बाहेर काढतो. म्हणजे एकच कुंडी उन्हाळ्यात तहानलेली आणि पावसाळ्यात बुडालेली. जो मोकळेपणा शेताला या उलथापालथीतून आपोआप मिळतो, तो कुंडीत आपल्या हाताने आणावा लागतो. माती मोकळी करण्यामागचं खरं कारण हे आहे.

घट्ट मातीत मूळ वाढतं तरी कसं, हेही पाहण्यासारखं आहे. मुळाचं टोक पुढे सरकताना जोर लावतं, आणि तो दाब हवेच्या दाबाच्या १० पटींपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे कारच्या टायरमधल्या दाबाच्या चार-पाच पट. तरी मूळ शक्यतो आयती वाट शोधतं. जुनी पोकळी, गांडुळाचं बीळ, दोन ढेकळांमधली फट. वाट मिळाली नाही की ते आखूड, जाड आणि वाकडंतिकडं होतं, आणि पाणी शोषणारी बारीक केसाळ मुळं कमी फुटतात. वरचं झाड मग खुजं राहतं. कळ्या येतात आणि पडतात. आपण खत वाढवतो, पण खत घ्यायला खाली मुळंच नसतात.

तळाशी पाणी का साचतं

इथे एक छोटा प्रयोग करून पाहा. भांडी घासायचा नवा चौकोनी स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि आडवा, तळहातावर सपाट धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज उभा करा. पाणी पुन्हा गळायला लागेल. स्पंज तोच, भोकं तीच, फक्त उंची वाढली. कुठल्याही सच्छिद्र वस्तूच्या तळाशी पाण्याचा एक थर अडकून राहतो, कारण बारीक पोकळ्या पाणी धरून ठेवतात. या थराची जाडी मातीच्या बारीकपणावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. म्हणून उथळ कुंडीत काळी माती भरली तर अर्ध्याहून अधिक कुंडी बुडालेली राहू शकते, आणि तीच माती उंच कुंडीत भरली तर वरचा भाग मोकळा राहतो.

तळाशी खडी किंवा विटांच्या तुकड्यांचा थर घालायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. माझ्या आईनेही आयुष्यभर तसंच केलं. पण बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण भरल्याशिवाय ते खाली पडतच नाही. खडीचा थर दिला की अडकलेला ओला थर तेवढा वर सरकतो आणि मुळांची जागा कमी होते. भोकावर एखादी खापरी पालथी ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरती. बाकी कुंडी वरपासून खालपर्यंत एकाच मिश्रणाने भरा.

वाफसा

जास्वंद गेल्यावर मी दुसऱ्या कुंडीतला मोगरा वाचवायला निघाले. झडीच्याच दिवसांत खुरपं घेऊन ओली माती खालपर्यंत उकरली, चांगली खालीवर केली. त्याच सुमारास मामा घरी आले होते. ते गच्चीवर आले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “काऊन वं, ओल्यात खुरपं चालवतेस? वीट पाडाची हाय का?”

तेव्हा मला ते नीट समजलं नव्हतं. पाऊस उघडल्यावर चार दिवसांनी ती माती खरोखरच विटेसारखी झाली.

चांगल्या मातीत सुटे कण नसतात, त्यांचे लहान-लहान दाणे झालेले असतात, रव्यासारखे, साबुदाण्यासारखे. कण एकमेकांना धरून ठेवतात ते जिवाणूंनी सोडलेल्या चिकट द्रव्याने, बुरशीच्या तंतूंनी, बारीक मुळांनी आणि कुजलेल्या शेणखताने. दोन दाण्यांच्या मधली जागा म्हणजे मोठी पोकळी, हवेची जागा. माती ओलीचिंब असताना हे दाणे मऊ असतात. त्यात खुरपं फिरवलं की ते चेंगरून कणीक मळल्यासारखे एकजीव होतात. चपटे कण एका दिशेने लागतात, पोकळ्या मिटतात. नागपूरच्या चितार ओळीत गणपतीच्या मूर्तीसाठी माती तुडवून मळतात ती याचसाठी, आतली हवा निघून जावी आणि वाळल्यावर मूर्ती टणक व्हावी म्हणून. मूर्तीला जे हवं तेच मी मोगऱ्याच्या कुंडीत करून बसले होते.

अगदी कोरड्या काळ्या मातीत खुरपं घालणंही बरोबर नाही. तिथे माती ढेकळांनी उखडते आणि ढेकळांबरोबर मुळं तुटतात. या दोन्हींच्या मधली जी वेळ, तिला शेतकरी वाफसा म्हणतात. मोठ्या पोकळ्यांतलं पाणी निथळून तिथे हवा आलेली, बारीक पोकळ्यांत ओल टिकलेली. पेरणी असो, डवरणी असो, विदर्भातला शेतकरी वाफसा आल्याशिवाय शेतात औत घालत नाही. इतका नेमका अर्थ एका शब्दात आहे, आणि कुंडीला तो जसाच्या तसा लागू पडतो.

वाफसा ओळखायचा कसा? कुंडीतली दोन बोटं खोलवरची माती मुठीत घेऊन दाबा. बोटांमधून पाणी किंवा चिखल निघाला तर थांबा. मूठ उघडल्यावर गोळा बनला आणि अंगठ्याने हलकं ढकलल्यावर तो दाण्यादाण्यांत फुटला, तर वाफसा आला. गोळाच होत नसेल, माती भुकटीसारखी सुटत असेल तर आदल्या संध्याकाळी पाणी द्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बघा. पाऊस थांबल्यावर काळ्या मातीच्या कुंडीला वाफसा यायला दोन-तीन दिवस लागतात, हलक्या मिश्रणाला एकच दिवस.

खुरपं कसं चालवायचं

कामाला मोठं अवजार लागत नाही. लहान खुरपं, किंवा जुना काटाचमचा. बुंध्यापासून चार बोटं सोडून, कडेकडेने, वरचा एक ते दोन इंचांचा थर फक्त मोकळा करायचा. उलटापालटा करायचा नाही. खुरपं तिरकं घालून जरा उचललं आणि सोडलं की पुरे. वर साचलेला पापुद्रा फुटला पाहिजे, एवढाच हेतू. हा पापुद्रा आपणच तयार करतो, पाइपने जोरात पाणी मारून. पाण्याच्या माराने दाणे फुटतात, सुटलेले बारीक कण पोकळ्यांत जाऊन बसतात आणि वाळल्यावर वर खपली धरते. झारीने, हळू, दोन टप्प्यांत पाणी दिलं तर खपली कमी धरते.

खालची माती घट्ट असेल तर खुरप्याने तिथवर जाऊ नका. विणायची सुई किंवा पेन्सिलीएवढी सळई घ्या आणि कडेच्या वर्तुळात सात-आठ ठिकाणी सरळ खाली खोचून सरळच वर काढा. फिरवू नका. या भोकांत गांडूळखत आणि कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मिसळून भरलं की ती बुजत नाहीत. हवा आत जायला कायमचा रस्ता होतो आणि नवी मुळं पहिल्यांदा तिकडेच धाव घेतात. माझ्या अनुभवात जुन्या, न हलवता येणाऱ्या मोठ्या कुंड्यांसाठी यापेक्षा चांगला उपाय नाही.

वारंवार उकरण्याचा मात्र मी स्पष्ट विरोध करते. दर रविवारी कुंड्या खणणारी माणसं मी पाहिली आहेत, मनापासून करतात, पण प्रत्येक वेळी वरच्या थरातली दुधी मुळं आणि मुळांना अन्न आणून देणाऱ्या बुरशीचे तंतू तुटतात. तीन आठवड्यांतून एकदा पुष्कळ झालं. लिंबू, संत्रं, जास्वंद यांची अन्न घेणारी मुळं वरच्या थरातच असतात, त्यांना तर खपली फोडण्यापलीकडे हात लावू नये. नुकतं लावलेलं रोप, सांबार (कोथिंबीर), पालक अशा दाट पेरलेल्या भाज्या, यांनाही नको. आणि मे महिन्यात दुपारी तर कुंडीला हातच लावू नका. नागपूरने मे २०१३ मध्ये ४७.९ अंश तापमान पाहिलं आहे. अशा दिवसांत उघडी पडलेली माती आणि तुटलेलं मूळ दोन्ही तासाभरात वाळतात. उन्हाळ्यात कडेच्या फटी तेवढ्या खतमातीने बुजवा, कुंडी टबात तासभर ठेवून खालून पाणी पिऊ द्या आणि मग निथळू द्या.

पानं पिवळी दिसली की माती घट्ट झाली, असंही सरसकट समजू नका. खालची, जुनी पानं पिवळी पडत असतील आणि माती ओली असेल, तर मुळं गुदमरल्याची शक्यता मोठी. शेंड्याकडची नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील, तर ती लोहाची कमतरता. आपल्या काळ्या मातीत चुनखडी असते, माती अल्कधर्मी असते, त्यामुळे लोह असूनही झाडाला मिळत नाही. लिंबाच्या कुंडीत हे हमखास दिसतं. त्याला खुरप्याचा उपयोग कमी, तिथे लोहाची फवारणीच करावी लागते.

मिश्रणच बदलायला हवं

खुरप्याने केलेला मोकळेपणा दोन-तीन पाण्यांत बसतो. टिकाऊ मोकळेपणा मिश्रणातून येतो. पहिला विचार रेतीचा मनात येतो, कन्हान नदीची जाड रेती सहज मिळतेही. पण काळ्या मातीत थोडी रेती मिसळली तर चिकणमाती रेतीच्या दाण्यांमधली जागा भरून टाकते आणि माल कालवल्यासारखा आणखी टणक गोळा होतो. परिणाम दिसायला रेती मातीपेक्षा कितीतरी जास्त लागते, आणि मग कुंडी उचलवत नाही.

मी आता असं करते. एक घमेलं काळी माती, ढेकळं फोडून, चाळून, चार-पाच दिवस ऊन दाखवलेली. एक घमेलं पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. एक घमेलं कोकोपीट आणि धानाचा तूस मिळून. शिवाय अर्धं घमेलं विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे, भुकटी चाळून काढलेली. तूस भंडारा-गोंदियाकडच्या राइस मिलमधून येतो, स्वस्त आणि हलका असतो, आणि त्यात सिलिका भरपूर असल्याने लवकर कुजत नाही. कोकोपीट आधी दोन पाण्यांतून धुऊन घ्या, त्यात क्षार असू शकतात. शेणखत हातात घेतल्यावर शेणाचा वास येत असेल तर ते कच्चं आहे, त्यात हुमणीच्या अळ्याही सापडतात. ते महिना-दोन महिने आणखी कुजू द्या. थंड हवेच्या शहरांतले लोक माती अजिबात न घालता नुसत्या कोकोपीट आणि पर्लाइटमध्ये, म्हणजे फुगवलेल्या खनिजाच्या हलक्या पांढऱ्या दाण्यांत, झाडं वाढवतात. आपल्या उन्हाळ्यात ते मिश्रण सकाळी भिजवलं तर दुपारी कोरडं होतं. काळ्या मातीचा पाणी धरण्याचा गुण आपल्याला हवाच आहे, फक्त तिला कुंडीभर राज्य करू द्यायचं नाही.

उष्णतेत शेणखत भराभर कुजून संपतं. म्हणून वर्षभरात कुंडीतली पातळी दोन-तीन बोटं खाली जाते आणि माती पुन्हा घट्ट व्हायला लागते. दरवर्षी मृगाच्या सुमारास वरचा दोन इंच थर काढून त्या जागी ताजं खत-मिश्रण भरा. शिवरात्रीच्या पुढे-मागे कडुनिंबाचा पाला गळतो, तो झाडून जाळू नका. कुंडीच्या मातीवर दोन बोटं जाड पसरला की उन्हाळ्यात माती तापत नाही, पावसाचा मार थेट बसत नाही, आणि खाली गांडुळं येऊन राहतात. गांडूळ जे काम करतं ते कुठल्याही खुरप्याला जमत नाही, एक मूळ न तोडता ते खोलवर भोकं पाडतं आणि आपल्या विष्ठेचे दाणे मागे सोडतं.

दोन-तीन वर्षांनी असं होतं की पाणी घातलं तर वर तळं साचतं, आणि तळाच्या भोकातून मुळं बाहेर डोकावतात. तिथे माती घट्ट नसते, मातीच उरलेली नसते. मुळांनीच कुंडी भरलेली असते, भिंतीला गोल गोल वळसे घालून. अशा झाडाची माती हलवून काही होत नाही. पहिल्या पावसानंतर, ढगाळ दिवस बघून ते बाहेर काढा, कडेच्या गोल फिरलेल्या मुळ्या धारदार कात्रीने कापा, आणि ताज्या मिश्रणात, एक माप मोठ्या कुंडीत लावा. फांद्याही थोड्या छाटा, म्हणजे उरलेल्या मुळांवर भार येत नाही.

मोगरा त्या वर्षी कसाबसा जगला. पुढच्या जूनमध्ये मी त्याची वीट झालेली माती रात्रभर बादलीत भिजवून मुळांवरून सोडवली आणि नव्या मिश्रणात लावला. यंदाच्या झडीनंतर मामा आले होते. त्यांनी न विचारता कुंडीत दोन बोटं घातली, मूठभर माती दाबली, अंगठ्याने ढकलली. ती दाण्यादाण्यांनी फुटली, आणि एका दाण्यातून पांढरं, केसाएवढं मूळ बाहेर आलेलं दिसलं. “आला वाफसा,” म्हणाले, आणि कोपऱ्यातलं खुरपं उचलून माझ्या हातात दिलं.